हिरव्या सोयाबीनचे कुरकुरीत दाणे

असर आणि मगरिबच्या दरम्यान घरोघरी भुकेची एक वेळ येते. मुले शाळेतून किंवा शिकवणीतून आलेली असतात, घरातले कर्ते कामावरून परततात आणि रात्रीच्या जेवणाला अजून दोन-तीन तास असतात. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण आपण ठरवून करतो. या मधल्या वेळेला मात्र हाताला लागेल ते चालते. वेफर्सचे पाकीट, फरसाण, बिस्किटे, कोपऱ्यावरचे भजी. शाळेच्या मधल्या सुट्टीत मुलांच्या डब्यांतही आम्हाला बहुतेक हेच दिसते. त्याच वाटीतून मग मधुमेह असलेली दादीही मूठभर उचलते.

गेल्या काही वर्षांत अनेक घरांत एअर फ्रायर आला. आता सगळे खाणे आपोआप पौष्टिक होईल, असे अनेकांना वाटते. आधी हे यंत्र काय करते ते पाहू. आत तापणारी तार असते आणि तिच्यावर पंखा असतो. पंखा गरम हवा जोरात फिरवतो, ती हवा पदार्थाच्या पृष्ठभागावरचे पाणी उडवते आणि वरचा थर कोरडा, खमंग होतो. ही एक लहान, वेगवान भट्टीच आहे. ती तेल वाचवते, पण मैद्याची डाळ करत नाही. बाजारातले गोठवलेले समोसे किंवा बटाट्याच्या चकत्या कारखान्यातच एकदा तेलातून निघालेल्या असू शकतात. म्हणून यंत्रात काय घालायचे, हा प्रश्न यंत्रापेक्षा मोठा आहे. या महिन्यात आम्ही त्यासाठी हिरवे सोयाबीन सुचवत आहोत.

मोठ्या शहरांतल्या दुकानांत हे ‘एदामामे’ या जपानी नावाने गोठवलेल्या पाकिटात मिळते. जपानी भाषेत ‘एदा’ म्हणजे फांदी आणि ‘मामे’ म्हणजे शेंगेतला दाणा. तिकडे उन्हाळ्यात कोवळ्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडतात आणि दाणे दातांनी ओढून खातात, साल टाकून देतात. नाव परके असले तरी पीक आपल्या ओळखीचे आहे. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही देशातली सोयाबीनची सर्वांत मोठी राज्ये. लातूरकडच्या किंवा विदर्भातल्या वाचकांच्या घराभोवती खरिपात हेच पीक डोलत असते. आपण ते पिवळे होऊन वाळेपर्यंत थांबतो. मग ते तेलाच्या गिरणीत जाते आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. एदामामे म्हणजे तेच पीक हिरवे असताना, दाणा पूर्ण भरल्यावर तोडलेले. हरभऱ्याचा हुळा किंवा ज्वारीचा हुरडा आपण जसा वाळण्याआधी खातो, तसाच हा प्रकार. त्यासाठी मोठ्या, गोडसर दाण्यांच्या वेगळ्या जाती असतात. आपल्याकडे ‘स्वर्ण वसुंधरा’ ही भाजीच्या सोयाबीनची जात त्यासाठीच विकसित झाली आहे.

उकडलेल्या 100 ग्रॅम हिरव्या दाण्यांत साधारण 11 ते 12 ग्रॅम प्रथिने, 5 ग्रॅम तंतू आणि 120 च्या आसपास कॅलरी असतात. पिठूळ अंश कमी असल्याने रक्तातली साखर झपाट्याने चढत नाही. वाढत्या मुलांना आणि मधुमेहींना, दोघांनाही चालेल असे संध्याकाळचे खाणे सहसा सापडत नाही, म्हणून याचे मोल.

साहित्य (चार जणांसाठी)
सोललेले गोठवलेले एदामामे 250 ग्रॅम, तेल 2 चमचे (चहाचे), तांदळाचे पीठ 1 मोठा चमचा, हळद पाव चमचा, मीठ पाव चमचा, लाल तिखट अर्धा चमचा, भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा चमचा, लसणाची पूड पाव चमचा, वरून चिमूटभर आमचूर किंवा चाट मसाला.

कृती
दाणे उकळत्या पाण्यात 4 ते 5 मिनिटे शिजवून निथळून घ्या. ही पायरी गाळू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडवणारा घटक असतो आणि तो नीट शिजवल्यानेच निष्प्रभ होतो.

आता सुती कापडावर दाणे पसरा, वरून दुसऱ्या कापडाने टिपा आणि पंख्याखाली 15 मिनिटे ठेवा. सगळा कुरकुरीतपणा या पंधरा मिनिटांत ठरतो. दाणा ओला असेल तर यंत्रातली उष्णता पाणी उडवण्यातच खर्च होते, आत वाफ कोंडते आणि दाणा मऊ, चिवट निघतो.

कोरड्या दाण्यांना तेल, हळद, मीठ आणि तांदळाचे पीठ चोळा. एअर फ्रायर 200 अंशांवर 3 मिनिटे रिकामाच तापवा. मग टोपलीत दाण्यांचा एकच थर पसरा. ढीग केला तर मधल्या दाण्यांना हवा लागत नाही. टोपली लहान असेल तर दोन फेऱ्या करा. एकूण 12 ते 15 मिनिटे लागतात. दर चार मिनिटांनी टोपली बाहेर काढून हलवा. एखादा दाणा फुटल्याचा आवाज आला तर घाबरू नका.

तिखट, जिरेपूड आणि लसणाची पूड सुरुवातीला घालू नका, ती जळून कडू होतात. शेवटच्या 2-3 मिनिटांसाठी घाला. आमचूर किंवा चाट मसाला ताटात काढल्यावर भुरभुरावा. दाणे गरम असताना थोडे मऊ वाटतात. पाच मिनिटे पसरून ठेवले की कडक होतात. पूर्ण गार होण्याआधी डब्यात भरले तर पुन्हा ओलसर होतील. हा पदार्थ त्याच दिवशी संपवावा.

एका माणसाच्या वाट्याला सुमारे 7 ग्रॅम प्रथिने आणि 100 ते 110 कॅलरी येतात. पण हे गणित एका अटीवर खरे ठरते. हे दाणे तळणाच्या जागी यायला हवेत, तळणाच्या जोडीला नव्हे. इफ्तारच्या दस्तरखानवर भजी, समोसे, कचोरी आणि ‘पौष्टिक म्हणून’ एदामामे असे चौघे बसले, तर एक पदार्थ वाढला, एवढेच. एक तळण काढा आणि त्या जागी हे ठेवा.

मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही. चाट मसाल्यात आधीच मीठ असते, हे लक्षात ठेवून हात आवरता घ्यावा.

काही खबरदारी. सोयाबीनची ॲलर्जी असलेल्यांनी हे खाऊ नये. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे कडक दाणे देऊ नयेत, घशात अडकण्याचा धोका असतो. त्यांना उकडलेले मऊ दाणे कुस्करून द्या. थायरॉइडच्या गोळीचे शोषण सोयाबीनमुळे कमी होऊ शकते, म्हणून दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवा आणि डॉक्टरांना विचारा. तयार मसाला लावलेली परदेशी पाकिटे घेताना घटकांची यादी वाचा. जपानी पदार्थांत ‘मिरिन’ हे तांदळाचे मद्य वापरले जाते. साधे, बिनमसाल्याचे दाणे घेतले की हा प्रश्नच येत नाही.

एदामामेचे पाकीट महाग पडते आणि लहान गावात मिळतही नाही. त्यासाठी अडून बसू नये. वाळलेले सोयाबीन 8 ते 10 तास भिजवून, ते पाणी टाकून, मऊ शिजवा. कुकर अर्ध्याहून कमी भरा, कारण याला फेस फार येतो. नंतर वरीलप्रमाणे कोरडे करून 180 अंशांवर 15 ते 20 मिनिटे भाजा. भिजवून उकडलेले काबुली चणेही असेच होतात. एअर फ्रायर नसेल तर लोखंडी कढईत दोन चमचे तेलावर, मंद आचेवर, हलवत राहून भाजा. वेळ जास्त लागेल, पण चव कमी होणार नाही. स्वतःचे शेत असेल तर सप्टेंबरात भरलेल्या हिरव्या शेंगा शिजवून पाहायला हरकत नाही. दाणा लहान लागेल, पण औषधफवारणीनंतरचे ठरलेले दिवस उलटल्याची खात्री केल्याशिवाय शेंग तोडू नये.

शेवटी घरातल्या बायकांसाठी एक गोष्ट. सर्वांना वाढून झाल्यावर ताटात जे उरते, त्यात प्रथिने बहुधा संपलेली असतात. मटणाचे तुकडे संपतात, उरतो तो रस्सा आणि भात. या दाण्यांच्या पहिल्याच फेरीत चार वाट्या मांडा आणि त्यातली एक स्वतःसाठी बाजूला काढून ठेवा.