कोकराची पहिली लस मेंढीलाच

माण, फलटण, आटपाडी आणि जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत मेंढीपालनावर अनेक कुटुंबांचा संसार चालतो; तरीही गाभण मेंढीच्या लसीकरणाविरुद्ध तीन आक्षेप हमखास घेतले जातात: रोग कोकराला होतो, मग लस आईला कशासाठी; कोकराला जन्मताच का टोचू नये; आणि सुईने गाभ गळला तर भरपाई कोण देणार?

पहिल्या आक्षेपाचे उत्तर वारेच्या रचनेत आहे. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंना निष्प्रभ करणारी प्रथिने, गर्भातच मिळतात. मेंढीची वार मात्र ती अडवते, त्यामुळे कोकरू त्यांच्याविना जन्मते आणि ती त्याला केवळ चिकातून लाभतात. डुकरिणीचीही हीच गत असल्याने विण्यापूर्वी तिला लस देऊन पिलांचे रक्षण करण्याची पद्धत वराहपालनात रूढ झाली.

दुसरा आक्षेपही टिकत नाही. उदाहरणार्थ, पीपीआर हा भारतात प्रथम 1987 साली तमिळनाडूत आढळलेला, नाक वाहणे, हगवण आणि फुप्फुसदाह घडवणारा विषाणूजन्य रोग. त्याच्या लसीतील सौम्य केलेल्या जिवंत विषाणूलाही आईकडून आलेली प्रतिपिंडे निकामी करतात, म्हणून कोकराला ही लस तीन-चार महिन्यांनंतरच देतात. तोवर त्याची सारी भिस्त आईवर असते.

तिसऱ्या आक्षेपात तथ्याचा अंश आहे, कारण पकडताना झालेली धावपळ आणि दाब गाभणीला बाधू शकतात. परंतु त्यातून लस टाळण्याचा नव्हे, वेळ साधण्याचा धडा मिळतो. पीपीआरच्या लसीचे संरक्षण सुमारे तीन वर्षे टिकत असल्याने ती मेंढी फळण्यापूर्वीच द्यावी, तर आंत्रविषार या आतड्याच्या रोगावरील लसीसारखी निष्क्रिय लस विण्याच्या साधारण महिनाभर आधी, मेंढीला सावकाश धरून टोचावी.

अर्थात चीक पोटात गेला नाही तर हे सारे व्यर्थ ठरते. वार पडेपर्यंत पिलाला न पाजण्याची चाल घातक आहे, कारण प्रतिपिंडे शोषण्याची आतड्याची क्षमता पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते आणि दिवसभरात संपते. सडाच्या तोंडाशी साकळलेला चिकट बोळा पिळून काढावा, कोकराला लगेच सडाला लावावे, आणि तीन किलोच्या कोकराला त्या दिवसात सुमारे 300 मिलिलिटर चीक मिळेल असे पाहावे. ओलसर, कोंदट वाड्याचे दोष लस झाकत नाही, हेही खरे. म्हणून कोरडी जागा, वेळेवर चीक आणि विण्याच्या हंगामावरून व कळपांच्या स्थलांतरावरून आखलेले लसीकरण या तिन्हींचा आग्रह एकत्रच धरला पाहिजे.