वैमानिकाचे स्मरण आणि चौकशीचा अहवाल

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आम्हां जुन्या मराठी कुटुंबांना विमानाच्या गर्जनेचे नावीन्य उरलेले नाही. १९८५ साली महाराजपूरच्या तळावर मिराज विमाने दाखल झाली आणि पुढे कारगिलच्या युद्धात त्यांनी टायगर हिलवर अचूक मारा केला, तेव्हा साऱ्या शहराने ते यश आपल्या घरचेच मानले. परंतु त्याच तळाच्या धावपट्टीवर प्रवासी विमानेही उतरतात, आणि त्यांच्या वैमानिकांचे नाव विचारण्याची तसदी आपल्यापैकी कोणी घेत नाही. लढाऊ वैमानिकाने हवाई दल सोडून प्रवासी कंपनीत रुजू व्हावे, म्हणजे त्याने व्रत टाकून नोकरी पत्करली, ही समजूत मला सर्वथा अन्यायाची वाटते.

विंग कमांडर दीपक वसंत साठे यांचे चरित्र या समजुतीला पुरेसे उत्तर आहे. सैनिकी घराण्यात जन्मलेले, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घडलेले आणि १९८१ साली हवाई दल अकादमीतून मानाची तलवार घेऊन बाहेर पडलेले हे गृहस्थ सुमारे २२ वर्षे हवाई दलात होते. हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये त्यांनी चाचणी वैमानिकाचे जोखमीचे कामही केले. नंतर एअर इंडिया आणि तिची उपकंपनी यांच्या सेवेत असताना, ७ ऑगस्ट २०२० च्या पावसाळी रात्री, टाळेबंदीत परदेशी अडकलेल्या माणसांना दुबईहून घेऊन येणारे त्यांचे विमान केरळातील करिपूरच्या टेकडीवरील धावपट्टी ओलांडून खाली कोसळले. विमानातील १९० जणांपैकी २१ जण दगावले. त्यांत साठे होते आणि त्यांचे सहवैमानिक अखिलेश कुमारही होते.

पुढल्या वर्षी चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. विहित शिरस्ता पाळला गेला नाही, विमान धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकले, असा त्याचा निष्कर्ष होता. हे वाचून पुष्कळांना वाईट वाटले, मलाही वाटले. तथापि मृत वीराची ही विटंबना आहे असे जे म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही. विमानातील वैगुण्य कोणाचीही भीड न धरता लेखी नोंदवणे हेच ज्या चाचणी वैमानिकाचे कर्तव्य, त्याच्या अखेरच्या उड्डाणाची नोंद भीड धरून लिहिणे हा त्याच्या विद्येचाच अवमान ठरेल. शिवाय त्याच अहवालाने कंपनीची व्यवस्थाही मोकळी सोडलेली नाही: करिपूरच्या तळावर कप्तानांची संख्या अपुरी होती, दुसऱ्या दिवशीचे उड्डाण साठ्यांकडेच होते आणि परत पोहोचण्याच्या निकडीचा भार त्यांच्या मनावर असावा, असे त्यात नमूद आहे. हा भाग मात्र वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत क्वचितच आला.

म्हणून माझे म्हणणे असे, की महाराजपूरच्या कुंपणाशी उभी राहून विमाने मोजणाऱ्या मुलांना मानाच्या तलवारीची हकिकत सांगताना हा अहवालही त्यांच्या हाती द्यावा. पावसात, पाठीमागून वारा असताना, आपल्याहून कितीतरी ज्येष्ठ असलेल्या कप्तानाला अखिलेश कुमारांनी पुन्हा वर उठण्याची सूचना केली होती, हे त्या मुलांनी त्यात स्वतः वाचावे.