बंदूक गाडीत, जबाबदारी कुणाची?

ऑफर लेटर आलं की आपण आधी काय बघतो? पॅकेज. मग जॉइनिंगची तारीख, मग लोकेशन. सोबतची पॉलिसीची जाडजूड फाइल बहुतेक जण न वाचताच सही करून मोकळे होतात. ‘कामाच्या जागी शस्त्र आणायचं नाही’ असा नियम त्यात असला, तर तो आपल्याकडे कुणाला खटकत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगताच येत नाही, आणि परवाना काही सहज मिळत नाही. अमेरिकेत मात्र याच नियमावरून वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या.

२००२ मध्ये ओक्लाहोमा राज्यातल्या व्हॅलिअंट इथे वेअरहाउझर कंपनीच्या कागद कारखान्यात पार्किंगमधल्या गाड्यांची झडती झाली. काही कामगारांच्या गाड्यांत बंदुका सापडल्या आणि त्यांची नोकरी गेली. त्यावर एवढा गदारोळ झाला, की २००४ मध्ये राज्याने कायदाच बदलला : कायदेशीर बंदूक कुलूपबंद गाडीत असेल, तर मालकाने मनाई करायची नाही. कंपन्या कोर्टात गेल्या. २००७ मध्ये त्या जिंकल्या, २००९ मध्ये अपिलात हरल्या. फ्लोरिडा आणि टेक्सासनेही असे कायदे केले. म्हणजे ऑफिसच्या दाराच्या आत मालकाचा शब्द चालतो, पण पार्किंगमध्ये काही राज्यांत तो चालत नाही.

कामगाराचं म्हणणं साधं आहे. रात्री दोनला शिफ्ट सुटते, रस्ता सुनसान, मदत लांब. मालकाचं म्हणणंही खोटं नाही. रागाच्या भरात माणूस गाडीपर्यंत जाऊन यायला दोन मिनिटं लागतात, आणि त्या दोन मिनिटांची किंमत सहकारी जिवाने मोजतात. आम्हाला मालकाची भीती जास्त खरी वाटते. बंदूक शत्रूसाठी आणली तरी ती आधी जवळच्या भांडणात निघू शकते.

तुमच्यापैकी जे एमएससाठी तिकडे जायची तयारी करताहेत, त्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना तिथल्या संघराज्याच्या कायद्याने, शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर बंदूक बाळगायला बंदी आहे. तेव्हा रूममेटने ‘जरा तुझ्या गाडीत ठेव ना’ म्हटलं, तर सरळ नाही म्हणा. तिथे मैत्री आड येऊ देऊ नका.

पण बंदी घातली की मालकाचं काम संपलं, असं नाही. ज्याने तुमच्या हातातलं साधन काढून घेतलं, त्याने तुमच्या सुरक्षिततेची हमी घेतलीच पाहिजे. हा मुद्दा आपल्याकडेही तितकाच लागू आहे. हिंजवडी असो की ऐरोली, नाइट शिफ्ट करणारी एखादी मुलगी पर्समध्ये पेपर स्प्रे ठेवते आणि गेटवरचा सिक्युरिटीवाला तो काढून ठेवायला सांगतो. ठीक आहे, नियम असेल. मग तिला घरापर्यंत सोडायचं कुणी?

याचं उत्तर कायद्यात आहे. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर महिलांना काम द्यायचं असेल, तर त्यांची संमती हवी, सुरक्षेची व्यवस्था हवी आणि घरापर्यंत वाहनही हवं. ही मेहरबानी नव्हे. हल्ला झालाच, तर भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाचा हक्क देतात. मात्र बचावासाठी गरजेपुरतंच बळ वापरायचं, ही अट त्यात आहे.

तेव्हा कॅम्पस इंटरव्ह्यूच्या शेवटी ‘एनी क्वेश्चन्स?’ असं विचारलं, की गप्प बसू नका. रात्रीची कॅब घराच्या दारापर्यंत येते की नाक्यापर्यंत? पार्किंगमध्ये दिवे आणि गार्ड आहेत का? तक्रार केली तर ती कुणाकडे जाते? हे विचारायला लाजू नका. पॅकेजवर घासाघीस करता ना, मग जिवावर का नको?