आर्सेनिक काढणारं यंत्र बसलं, पण ते चालतंय का?

पाण्यातल्या आर्सेनिकला रंग, वास, चव काहीच नसते. पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट थोडं पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण किंचित वाढतं. क्लोरीन टाकल्याने जंतू मरतात, पण आर्सेनिक पाण्यातच राहतं.

पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात तळ्याच्या पाण्याने जुलाब होतात म्हणून लोकांना कूपनलिकांचं पाणी प्यायला सांगितलं गेलं. हेतू चांगला होता, पण तिथल्या जमिनीखालच्या गाळात आर्सेनिक होतं. कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी १९८३ मध्ये रुग्णांच्या त्वचेवरून हा आजार ओळखला. अंगावर ठिपक्यांसारखे डाग पडतात, तळहात-तळपाय खरखरीत होतात. असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर त्वचा, फुप्फुस आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

उपाय अवघड नाही. आर्सेनिक लोहाच्या गंजासारख्या संयुगांना चिकटतं, म्हणून गावातल्या छोट्या यंत्रांत अशा पदार्थाचा थर वापरतात. पण हा थर कधीतरी भरतो. त्यानंतरही नळाला पाणी पूर्वीसारखंच स्वच्छ येतं, फक्त आर्सेनिक आता अडत नाही. यंत्र बिघडलंय हे डोळ्यांना कळतच नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की नुसत्या यंत्राला मंजुरी देऊ नये. थर बदलण्याचा खर्च, ठरावीक काळाने पाण्याची तपासणी आणि देखभाल करणाऱ्या माणसाचा पगार या तीन गोष्टींची तरतूद आधी हवी. तपासणीचा आकडा यंत्राशेजारच्या फलकावर लिहावा. मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे, हेही तिथे असावं. काढलेला थर शेतात किंवा ओढ्यात टाकू नये, कारण अडवलेलं आर्सेनिक त्यातच असतं. आणि जवळ दुसरी सुरक्षित विहीर असेल तर यंत्रापेक्षा तीच बरी.

आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत फ्लोराइडचा त्रास आहे. तिथेही हाच नियम लागू होतो. घरी फिल्टर घेण्याआधी पाणी तपासून घ्या. जंतू मारणारा यूव्ही फिल्टर आर्सेनिकही काढत नाही आणि फ्लोराइडही.

आर्सेनिकच्या आजारावर पहिला उपचार म्हणजे ते पाणी थांबवणं. गोळ्या-औषधांचा विचार त्यानंतर. पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारा: शेवटची तपासणी कधी झाली आणि आकडा किती आला?