पाडा आणि स्लॅब टाका!

"वा! किती गार वाटतं हो इथे!"

माझ्या घराच्या ओटीवर पाय ठेवणारा प्रत्येक सुविद्य मनुष्य हे वाक्य उच्चारतो. ऐन मे महिन्यात, घाम पुसत पुसत. मग कोकम सरबत पितो, लाडू उचलतो, आढ्याकडे बघतो आणि म्हणतो, "आता हे सगळं पाडा आणि मस्त स्लॅब टाका." दोन वाक्यांमधलं अंतर एका लाडवाचं.

रत्नागिरी जिल्ह्यातलं, ३२ गुंठ्यांत ऐसपैस बसलेलं हे बैठं कौलारू घर मी सहा वर्षांपूर्वी विकत घेतलं. तेव्हापासून मी हे प्रवचन ऐकतो आहे. स्लॅब तापेल त्याचं काय? एसी लावा. वीज जाते त्याचं काय? इन्व्हर्टर घ्या. म्हणजे जाड चिऱ्याच्या भिंती आणि उंच आढं जो गारवा फुकट देतात तो आधी पाडायचा, ट्रॉलीतून वाहून न्यायचा आणि मग हप्त्यांवर परत आणायचा. याला म्हणतात 'डेव्हलप करणं'.

गंमत पुढेच आहे. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सपाट स्लॅब थोड्याच वर्षांत पाझरायला लागतो. मग त्याच्यावर पत्र्याची उतरती शेड चढते. आमच्या गावात अशी अकरा घरं आहेत, मी मोजली आहेत. उतरतं छप्पर पाडून सपाट केलं आणि सपाटावर पुन्हा उतरतं बसवलं! स्थापत्यशास्त्रातल्या या द्वैताद्वैतावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा.

आणि उलट्या बाजूचे भाविकही आहेत बरं का. कौलांकडे बघून त्यांचा कंठ दाटतो. "आपली परंपरा!" अहो, ही मंगलोरी कौलं. बासेल मिशनच्या पाद्र्यांनी १८६५ साली मंगळुरात कारखाना काढला, तिथली ही चाल. ज्याच्या पणजोबाने गवताचं छप्पर उतरवून ही कौलं चढवली, तो गावात 'फार सुधारलेला' ठरला असणार.

घर घेतानाचं महाभारत वेगळंच. सातबाऱ्यावर १९ नावं. पैकी सात जण कैलासवासी. वारसनोंद कुणी केलेली नाही, त्यामुळे मंडळी वर बसूनही खाली मालक! दलालाला हे किरकोळ वाटलं. "सगळे कशाला? सध्या दोन हिस्से घेऊन ठेवा, साहेब." आता १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ४४वं कलम काय सांगतं? अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला, तरी त्याला त्या जोरावर घरात सामाईक ताबा मागता येत नाही. म्हणजे मी माजघराच्या दोन-एकोणिसांशाचा मालक, आणि मुक्काम खळ्यात!

त्यात जमीन शेतीची. एरवी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, नाहीतर १९४८च्या कूळकायद्यानुसार घेणारा शेतकरीच हवा. माझ्या नशिबाने वडिलोपार्जित तीन गुंठे खडक माझ्या नावावर होता. त्यावर आजवर तण सोडून काही उगवलेलं नाही. पण त्या तणाच्या पुण्याईने मी शेतकरी! जो माणूस आयुष्यभर भात लावतो पण ज्याच्या नावावर चतकोरही नाही, तो मात्र शेतकरी नाही. आहे की नाही शास्त्रशुद्ध?

सगळ्या वारसांच्या सह्या जमवायला दोन वर्षं गेली. मग मूल्यांकन करणारा आला. टेप लावून आंबे मोजले, माड मोजले, विहीर मोजली. घराकडे पाठ करून त्याने लिहिलं : बांधकामाची किंमत शून्य. "उलट पाडायचा खर्च वजा करायला हवा," असंही म्हणाला. हे तो ओटीवर बसून म्हणाला. कारण बाहेर ऊन होतं.

शून्य? मग शेजारच्या वाडीतलं घर पाडलं, तेव्हा त्याचे फणसाचे खांब टेम्पोत घालून पुण्याला कोण घेऊन गेलं? एका हॉटेलवाल्याने. त्याला पिठलं-भाकरी वाड्याच्या 'फील'मध्ये विकायची आहे. खांब इथे छप्पर पेलत होते तोवर भंगार होते. तिथे काहीच पेलत नाहीत, म्हणून वारसा झाले.

उरलेल्या मोकळ्या जागेने तर लोकांची झोप उडवली आहे. "एवढी जागा नुसती पडून?" पडून नाही हो, पाणी मुरवते आहे. एका शेजाऱ्याने अंगणापासून कुंपणापर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकले. चिखल नको म्हणून. आता एप्रिलमध्ये तो कळशी घेऊन माझ्या विहिरीवर येतो. आणि पाणी भरता भरता मला पेव्हर ब्लॉकचा भाव सांगतो.

माझं घर साधुसंत आहे असा माझा दावा नाही. वाळवी आहे. दोनदा फुरसं निघालं. वानर कौलांवर असे उड्या मारतात की जणू लंकाच पेटवायची आहे. पण वानराने अजून मला सल्ला दिलेला नाही.

यंदा मे अखेरीस शाकारणी केली. ३७ कौलं फुटलेली निघाली. दोन माणसं, दोन दिवस. सहा जूनला पाऊस लागला, घरात थेंब नाही. त्याच दिवशी पुण्याहून पाहुणे आले, ओटीवर टेकले आणि म्हणाले, "वा! किती गार..."

मी लाडवाचा डबा आत नेऊन ठेवला.