मूत्रपिंडाचा विकार आणि हृदयावरील घाला

नोव्हेंबर १९७५ मध्ये स्थानबद्धतेतून सुटलेल्या जयप्रकाश नारायण यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात दाखल करण्यात आले, तेव्हा त्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली होती. पुढे सुमारे चार वर्षे ते डायलिसिसच्या आधारावर जगले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचे निधन झाले, ते मात्र हृदयविकाराने.

हा अपवाद नव्हे. मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराचे अनेक रुग्ण डायलिसिसची पाळी येण्यापूर्वीच दगावतात आणि त्या मृत्यूंत हृदयविकाराचा वाटा मोठा असतो. शरीरात क्षार व पाणी साचून रक्तदाब वाढतो, रक्तक्षयामुळे हृदयावर भार पडतो, रोहिण्यांच्या भिंतींत कॅल्शियम साठते. मूत्रपिंड कुरकुरत नाही. हृदय मात्र त्याची किंमत मोजत राहते.

आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथे डायलिसिसची सोय झाली आहे. २०१६ मध्ये घोषित झालेला राष्ट्रीय कार्यक्रम व महात्मा फुले जनआरोग्य योजना यांमुळे गरिबांनाही काही आधार मिळाला. हे स्वागतार्हच आहे. परंतु आठवड्यातून सहसा तीन वेळा, प्रत्येकी चार तास यंत्राशी जखडलेल्या रोजंदारी कामगाराची बुडालेली मजुरी कोणत्याही योजनेच्या हिशेबात येत नाही. सार्वजनिक पैसा ओघाने जातो तो रोगाच्या अखेरच्या टप्प्यावर. हृदयाची हानी तर त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते.

ती वेळीच ओळखण्यास महागडी यंत्रे लागत नाहीत. रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन या दोन साध्या तपासण्या पुरेशी पूर्वसूचना देतात. उपायही आवाक्यात आले आहेत. मूत्रपिंडाची झीज मंदावणाऱ्या व हृदयालाही सावरणाऱ्या डापाग्लिफ्लोझिन या औषधाच्या पेटंटची मुदत भारतात संपली आणि देशी कंपन्यांनी ते स्वस्तात उपलब्ध केले.

पालिकेच्या दवाखान्यांत आधीच गर्दी असते, हा आक्षेप खरा आहे. पण मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या नेणारा रुग्ण त्या रांगेत उभा असतोच. वर्षातून एकदा त्याच्या या दोन तपासण्या करून निकाल त्याच्या कागदावर नोंदवणे, एवढेच करायचे आहे. डायलिसिसच्या खाटा वाढवाव्यात, यात वाद नाही. मात्र त्या खाटेपर्यंत पोचण्याआधीच जे जातात, त्यांचा विचार कोणत्या अंदाजपत्रकात होणार, याचे उत्तर पालिकेने द्यावयास हवे.