नियुक्तिपत्र आणि संसाराचा जमाखर्च

गेल्या काही महिन्यांत जर्मनीतील आमच्या मराठी मंडळाकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे, आणि त्याची सविस्तर दखल या अंकात घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. पुण्याहून, नाशिकहून, क्वचित बंगळुरूस स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतून तरुण अभियंते लिहितात की, स्टुटगार्ट किंवा त्याच्या परिसरातील एका कंपनीचे नियुक्तिपत्र हाती आले आहे, वार्षिक वेतन 60000 युरो देऊ केले आहे, उत्तराची मुदत आठवड्याभराची आहे, तरी एवढ्यात भागेल किंवा कसे, हे कृपया कळवावे. मुंबई आणि स्टुटगार्ट ही 1968 पासून भगिनी-शहरे आहेत, चाकणच्या मोटार कारखान्यांचा या नगरीशी असलेला संबंध सर्वश्रुत आहे. तेव्हा अशी पत्रे येणे स्वाभाविक आहे, आणि त्यांना खरे उत्तर देणे हे गणेशोत्सवाइतकेच मंडळाचे काम आहे, असे आम्ही मानतो.

युरोचा भाव शंभर रुपयांच्या आसपास धरून साठ हजारांचे साठ लाख करावेत आणि ते पुण्यातील पगाराशेजारी मांडावेत, हा मोह कोणालाही होतो. परंतु जो पैसा युरोत मिळून युरोतच खर्चावयाचा, त्याचे रुपयांतील मोल फक्त शिलकीपुरते खरे असते, आणि शिल्लक किती राहील हे नियुक्तिपत्रात कोठेही लिहिलेले नसते. येथे पगाराच्या बोलीत सांगतात तो आकडा ब्रुटो, म्हणजे सर्व वजावटींपूर्वीचा. दरमहा 5000 ब्रुटोतून निवृत्तिविम्याचे 9.3 टक्के, आरोग्यविम्याचे साडेआठ टक्क्यांच्या आसपास, बेकारी विम्याचे 1.3 टक्के, वार्धक्यातील शुश्रूषेच्या विम्याची वर्गणी आणि प्राप्तिकर वजा होऊन एकट्या माणसाच्या खात्यात साधारण 3100 युरो जमा होतात. या वजावटींविषयी नव्याने आलेल्यांच्या मनात जो राग असतो, तो आम्हांस पुरता न्याय्य वाटत नाही. सार्वजनिक आरोग्यविम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुले जादा हप्त्याविना समाविष्ट होतात; निवृत्तिवेतनाचा हक्क 60 महिन्यांच्या वर्गणीने प्राप्त होतो, आणि भारत व जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षेचा करार 1 मे 2017 पासून अंमलात असल्यामुळे दोन्ही देशांतील सेवाकाळ त्यासाठी एकत्र धरता येतो. ज्या घराने एखाद्या शस्त्रक्रियेच्या बिलापायी मुदत ठेव मोडली आहे, त्या घराला या व्यवस्थेचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

घराच्या बाबतीत मात्र आधीच सावध करणे जरूर आहे. जाहिरातीतील भाडे बहुधा काल्टमीटे असते. त्यात घर उबदार ठेवण्याचा खर्च, पाणी, सफाई यांचा अंतर्भाव नसतो. तीन खोल्यांचे, म्हणजे आपल्या हिशेबाने दोन शयनगृहांचे घर स्टुटगार्टात बाराशे ते पंधराशे युरोंच्या खाली सहसा हाती लागत नाही, त्यावर इतर खर्चाचे दोनतीनशे, आणि प्रारंभीच तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत. किल्ली मिळून कुटुंब आत शिरते, तेव्हा स्वयंपाकघराच्या जागी भिंतीतून बाहेर आलेली नळाची दोन तोंडे आणि जुन्या कपाटांच्या स्क्रूंची भोके एवढेच दिसते. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, कारण मागील भाडेकरूने ते सारे सोबत नेलेले असते, अथवा ठेवले असल्यास त्याची किंमत मागितलेली असते. म्हणून स्थलांतराचा भत्ता ठोक मिळणार की पावत्यांवर, त्यावर कर पडणार की नाही, पहिले काही महिने निवासाची सोय कंपनी करणार की नाही, हे होकार देण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. असे विचारल्याने नोकरी जात नाही.

परंतु ज्या गोष्टीसाठी आम्ही हे लिहावयास घेतले, ती याहून निराळी आहे. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांत पत्नीचा उल्लेख 'सोबत पत्नी व एक मूल' एवढाच असतो. ती काय शिकली आहे, सध्या कोठे काम करते, तिचा पगार किती, याविषयी अक्षरही नसते. आणि पुढे चौकशी केली म्हणजे कळते की ती एखाद्या रुग्णालयात दंतवैद्य आहे, महाविद्यालयात अध्यापिका आहे, किंवा पतीइतक्याच पगारावर पतीच्याच क्षेत्रात काम करते. नियुक्तिपत्र एका नावाने येत असले तरी स्थलांतर सबंध घराचे होते, आणि ज्या जमाखर्चात जमेच्या बाजूची एक मोठी रक्कम मुळी मांडलेलीच नाही, त्याची शिल्लक खरी कशी धरावी?

कायद्यापुरते पाहिले तर ब्लू कार्डधारकाच्या, म्हणजे उच्चशिक्षित कर्मचाऱ्यांसाठीचा निवास परवाना असलेल्याच्या, जोडीदाराला येथे पहिल्या दिवसापासून नोकरी करण्याची मुभा आहे, आणि व्हिसासाठी जर्मन भाषेच्या प्रमाणपत्राचीही अट नाही. परंतु मुभा असणे आणि काम मिळणे यांत मोठे अंतर आहे. संगणकक्षेत्रातील व्यक्तीला इंग्रजीवर निभावून नेता येते. डॉक्टर, दंतवैद्य यांना मात्र पदवीच्या मान्यतेसाठी अर्ज, कागदपत्रांचे अधिकृत भाषांतर, सर्वसाधारण जर्मनची बी-2 पातळी आणि त्यापुढे वैद्यकीय भाषेची सी-1 पातळीची परीक्षा या सर्वांतून जावे लागते, आणि शिक्षकाची वाट त्याहूनही बिकट आहे. यात दोनतीन वर्षे सहज जातात. त्या काळात मूल लहान असेल तर 'कीटा'चा, म्हणजे पाळणाघराचा, प्रश्न उभा राहतो: वयाचे पहिले वर्ष पूर्ण झाल्यापासून बालसंगोपनाच्या जागेचा कायदेशीर हक्क 2013 पासून आहे, पण जागा मिळेपर्यंत मुलाजवळ बसावे कोणी, याचे उत्तर बहुतेक घरांत आधीच ठरलेले असते, आणि भाषेचा वर्ग तिचाच बुडतो.

दरमहाची करकपात ज्यावरून ठरते त्या करवर्गाचा तपशीलही येथेच ध्यानात घ्यावा. पत्नी सोबत राहावयास येऊन पतीला तिसरा करवर्ग मिळाला म्हणजे त्याच 5000 ब्रुटोतून साडेतीन हजारांच्या आसपास हाती येतात, आणि घरात आनंद होतो; मात्र त्याच क्षणी तिच्या नावावर पाचवा वर्ग लागतो. पुढे परिश्रमाने भाषा शिकून ती अर्धवेळ काम धरते, आणि पहिल्या वेतनचिठ्ठीवर एवढी मोठी कपात दिसते की 'एवढ्यासाठी कशाला धडपड' असे घरातीलच कोणी बोलून जाते. वस्तुतः वर्षाअखेरीच्या संयुक्त विवरणपत्रात दोघांचा कर एकत्रच ठरतो आणि करवर्गामुळे त्या वार्षिक रकमेत काहीही फरक पडत नाही. दोघांनी चौथा वर्ग घेतल्यास दरमहाची कपातही न्याय्य होते. हे ठाऊक नसल्यामुळे हातची नोकरी सोडलेल्या भगिनी आमच्या सभासदांत आहेत, आणि ही गोष्ट आम्हांस अतिशय क्लेशदायक वाटते.

इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला आल्या, त्या स्वतःच्या संशोधनासाठी, आणि डॉक्टरेट संपादून परतल्या. मराठी स्त्रीचा या देशाशी ज्ञानाच्या बळावर जोडलेला संबंध एवढा जुना असताना, आज तिच्याहून अधिक सोयी लाभलेल्या पिढीतील उच्चशिक्षित स्त्रीने 'सोबत पत्नी' या दोन शब्दांत मावावे, हे आम्हांस मान्य नाही. नियुक्तिपत्र पत्नीला आले असून पती मागाहून यावयाचा आहे, अशीही पत्रे आता येतात; त्यांना हाच हिशेब तंतोतंत लागू आहे.

आईवडिलांविषयी थोडे. 1 मार्च 2024 रोजी किंवा त्यानंतर प्रथमच निवास परवाना मिळालेल्या कुशल कर्मचाऱ्यांना आईवडिलांना कायम राहावयास आणण्याची वाट कायद्याने मोकळी केली आहे, परंतु त्यांच्या आरोग्यविम्याची तजवीज दाखवावी लागते आणि उतारवयात तो विमा मिळणे कठीण व महाग असते. तोवर 90 दिवसांच्या भेटीवरच समाधान मानावे लागेल, असे धरून चालावे. आणि भावंडांपैकी त्यांच्याजवळ कोण राहणार, हे तिकीट काढण्यापूर्वी बोलून घ्यावे.

मंडळाच्या कार्यकारिणीने ठरविले आहे की, यापुढे जे कोणी सल्ला मागतील त्यांनी नियुक्तिपत्रातील वेतन, परिवीक्षेचा काळ, रजा आणि भत्ते यांच्या तपशिलासोबत जोडीदाराने स्वतः लिहिलेले एक निराळे पत्र धाडावे, ज्यात शिक्षण, अनुभव, जर्मनची सध्याची पातळी आणि येथे येऊन काय करावयाचे आहे हे नमूद असेल. पहिल्या भागाला आमचे हिशेबात मुरलेले सभासद उत्तर देतील. दुसऱ्याला त्याच व्यवसायातून येथवर वाट काढलेली व्यक्ती देईल. दंतवैद्यक, अध्यापन, वास्तुकला आणि परिचर्या या क्षेत्रांतील भगिनींनी आपली नावे चिटणिसांकडे दिली आहेत. वकिली आणि लेखापरीक्षण यांसाठी अद्याप कोणी पुढे आलेले नाही. त्या व्यवसायांतील सभासदांनी या महिनाअखेरपर्यंत कळवावे, ही विनंती.